पहिली साइट तालुक्यातच शोध, पण दिवाळीनंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आला आहे. २०२४ मध्ये सिव्हिलची डिग्री झाली, फर्स्ट क्लास मिळाला, घरी पाच एकर कोरडवाहू. वर्षभर बायोडाटा पाठवतोय आणि जिथं तिथं एकच विचारणा होते, अनुभव किती? नागपूरचा एक क्लास साठ हजार मागतो, कॉम्प्युटरवर डिझाइन शिकवतो आणि नोकरीची हमी देतो म्हणे. बरोबरची पोरं पुण्याला गेली. वडील म्हणतात, सरकारी परीक्षेचा अभ्यास कर. शेवटी त्यानं लिहिलंय, "सर, सुरुवात नेमकी कुठून करू?"

मी पुसदकडचा. सव्वीस वर्षं झाली या धंद्यात. आधी दुसऱ्यांच्या साइटवर, आता स्वतःची छोटी कामं करतो. शाळाखोल्या, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या, अधूनमधून एखादा ग्रामीण रस्ता. नवी पोरं दरवर्षी दारात येतात, त्यातली काही मी ठेवूनही घेतली. मेट्रोत किंवा उंच इमारतींच्या कंपनीत कसं लागायचं ते मला विचारू नकोस. तालुक्याचं मात्र सांगू शकतो.

पहिलं म्हणजे तू चुकीच्या महिन्यात फिरलास. निकाल लागतो जून-जुलैत, पोरगं मार्कलिस्ट हातात घेऊन निघतं आणि नेमका तेव्हाच आमचा धंदा बंद असतो. काळ्या मातीत जेसीबी फसतो, पाया खोदला की खड्ड्यात पाणी, मुरमाचे डंपर शेतरस्त्यानं येत नाहीत, मजूर निंदणाला गेलेले. या दिवसांत कंत्राटदार जुन्या माणसालाही "महिनाभर घरी थांब बाप्पा" म्हणतो, तुला कुठून घेईल? दसऱ्याला मशिनरीची पूजा होते, दिवाळी झाली की कामं खऱ्या अर्थानं उघडतात आणि तिथून मार्चएंडपर्यंत माणूस कमी पडतो. डिसेंबरात माझ्याच दोन साइटवर एकाच दिवशी स्लॅब असतो आणि मी एकटाच असतो. त्या आठवड्यात दारात आलेल्या पोराला मी अनुभव विचारत नाही, गाडी आहे का विचारतो. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये मिळालेले नकार मनावर घेऊ नकोस. नवरात्रापासून फिरायला लाग.

आता "अनुभव किती" या प्रश्नाकडे येऊ. कंत्राटदाराला बांधायला तू नको आहेस. बांधायला त्याचा मिस्त्री आहे, वीस वर्षांचा मुरलेला. सेंट्रिंग कुठं दबेल, रेतीत माती किती आहे, गिट्टीत चुरी जास्त आली का, हे त्याला नुसतं बघून कळतं. कंत्राटदाराची झोप उडते ती बिलानं. मोजमाप घेणं, ते मोजमाप पुस्तकात, म्हणजे आमच्या भाषेत एमबीत, शाखा अभियंत्याच्या मोजमापाशी जुळवणं, रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल काढणं, सिमेंटचं रजिस्टर, क्यूबचे, म्हणजे काँक्रीटच्या चाचणी ठोकळ्यांचे रिपोर्ट, सळईचं टेस्ट सर्टिफिकेट, कामाचे फोटो. यातला एक कागद कमी पडला की फाइल टेबलावर थांबते, आणि फाइल थांबली की मजुरांचा आठवड्याचा चुकारा व्याजाच्या पैशातून करावा लागतो. म्हणून तो अनुभव विचारतो तेव्हा त्याच्या मनात असतं, हा माझं बिल काढून देईल का? आणि हे काम कुणी नोकरी देण्याची वाट न बघता घरबसल्या बरंचसं शिकता येतं.

तुझ्या गल्लीत एखादं घरकुल चालू असेलच. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. तिथं टेप, वही घेऊन जा. घरमालकाला सांग की शिकायला आलोय. खोदकामापासून सुरू कर. नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण असे पाच रकाने आखायचे आणि प्रत्येक बाब वेगळी लिहायची. सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची त्यांच्या संकेतस्थळावर मिळते, त्यातले दर लावून अंदाजपत्रक कर. मग स्लॅबची सळई बांधायच्या दिवशी पुन्हा जा आणि हातानं बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कोणती सळई किती, किती लांब आणि कुठं वाकवायची याचा तक्ता काढ, कॉम्प्युटरवर नको. साडेचार मीटर लांबीत १५ सेंटीमीटर अंतरानं सळया टाकायच्या, तर किती? दहातली सात पोरं मला ३० सांगतात. तू शेतकऱ्याचा पोरगा आहेस, कुंपणाला तीस गाळे असतील तर खांब किती पुरतोस? एकतीस. एवढंच आहे ते. पण ती एक सळई प्रत्येक स्लॅबला, प्रत्येक दिशेला चुकत गेली की महिनाअखेरीला लोखंडाचा हिशेब जुळत नाही आणि मुनीम तुझ्याकडे संशयानं बघतो.

काही आकडे तोंडपाठ पाहिजेत. सळईचं मीटरला वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. त्या हिशेबानं १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या थोडी वर जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. अंदाजपत्रक घनमीटरमध्ये असतं आणि रेतीवाला, गिट्टीवाला ब्रासमध्ये बोलतो. फोनवर बोलता बोलता हे रूपांतर जमलं पाहिजे, नाहीतर तो तुला पहिल्याच दिवशी ओळखतो. काँक्रीट ६ ते १५ घनमीटर असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे दोन नमुने, एका नमुन्याचे तीन क्यूब. कॉलेजात हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतंस, आता क्यूबवर तारीख कोण टाकतं, ते पाण्यात कोण ठेवतं, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लॅबमध्ये कोण नेतं, हे जाऊन बघ. बहुतेक साइटवर उत्तर एकच मिळेल: कुणीच लक्ष देत नाही. तीच तुझी जागा.

ऑटो लेव्हल, म्हणजे उंची-खोली मोजायची दुर्बीण, लावता आली पाहिजे, आणि इथं मी माझीच फजिती सांगतो.

१९९९ चा हिवाळा. पहिलीच नोकरी, पगार अठराशे, जिल्हा परिषदेच्या शाळाखोल्यांचं काम. काळी माती, दीडेक मीटरवर मुरूम. बारा फुटिंग, म्हणजे कॉलमचे पाये होते. तळाला स्टाफवर, म्हणजे दुर्बिणीतून वाचायच्या उभ्या मोजपट्टीवर, २.२४५ यायला हवं होतं, मी वहीत २.४२५ लिहून बसलो. दोन आकडे उलटे. दुपारी मिस्त्री म्हणाला, "सायेब, मुरूम तर कवाच लागला. आपून आनखी खोल काहून चाल्लो?" मला वाटलं, हा अनपढ माणूस मला लेव्हल शिकवणार? म्हटलं, मी लावलीय, खोदा. संध्याकाळी कंत्राटदार आला, खड्ड्यात उतरला, वर आला आणि माझी वही मागितली. प्रत्येक खड्डा १८ सेंटीमीटर जास्त. काढलेली काळी माती परत टाकून तर चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, वरची इमारत हलते. दीड बाय दीड मीटरचे बारा खड्डे, जवळपास पाच घनमीटर जादा पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, सतरा पोती सिमेंट. तो ओरडला नाही. माझ्या वहीत त्यानं स्वतः लिहून ठेवलं, "१७ पोती". मग म्हणाला, मिस्त्री विचारत होता तेव्हाच स्टाफ पुन्हा का धरला नाही?

तेव्हापासून रीडिंग घेतलं की मी ते मोठ्यानं बोलतो आणि स्टाफ धरणाऱ्याकडून परत बोलून घेतो. तूही तशी सवय लाव. आणि मिस्त्रीनं काही विचारलं तर तो तुझी परीक्षा घेतोय असं समजू नकोस. काम चुकलं तर फटका त्यालाही बसतो.

दोन वर्षांपूर्वी दिग्रसकडची एक मुलगी आली होती. बायोडाटा तीन पानांचा, तो मी बाजूला ठेवला. टेप दिली आणि म्हटलं, माझ्या या ऑफिसच्या खोलीचं प्लास्टर मोज आणि लिहून दे. तिनं आधी बाहेर जाऊन भिंत पाहिली. आत येऊन विचारलं, "सर, दोन्ही बाजूंचं ना?" मग दाराचे २.१ चौरस मीटर तिनं एकाच बाजूनं वजा केले, आणि वरच्या झरोक्याचे वजाच केले नाहीत. मी विचारलं, हे कसं सोडलं? म्हणाली, अर्ध्या चौरस मीटरपेक्षा लहान मोकळी जागा आयएस १२०० मध्ये, म्हणजे मोजमापाच्या मानकात, वजा करत नाहीत, तीन मीटरच्या आतलं एका बाजूनं करतात. तीन चौरस मीटर म्हणायचं होतं तिला. मी दुरुस्त केलं, ती हसली. दुसऱ्या दिवसापासून कामावर. अनुभव शून्य होता, हे सांगायला नको.

मुलींच्या घरच्यांना साइट म्हटलं की धास्ती वाटते, आणि ती अगदीच खोटी नाही. मुक्कामाची सोय आणि संडास, या दोन गोष्टी रुजू होण्याआधी स्पष्ट विचाराव्यात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बिलिंग, लॅब, अंदाजपत्रकं या कामात आमच्या भागात मुली आता सर्रास दिसतात आणि पोरांपेक्षा वही नीट ठेवतात. पण बिलिंगला बसणाऱ्या मुलीनंही पहिलं वर्षभर साइटवर जाणं सोडू नये, नाहीतर दुसऱ्यानं आणून दिलेल्या मोजमापांवर आयुष्य जातं.

काम शोधायचं कुठं? जाहिरातीत नको. प्रत्येक सरकारी कामाजवळ माहितीफलक लावलेला असतो: कामाचं नाव, किंमत, कंत्राटदार, दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर कंत्राटदारानं किती काळ दुरुस्त करून द्यायचं ते. आर्णीपासून दिग्रस, यवतमाळ आणि माहूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोटरसायकल काढ आणि चार दिवस फक्त फलकांचे फोटो घे. दुसरं, महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदांच्या संकेतस्थळावर निविदांचे निकाल कुणालाही बघता येतात. आपल्या जिल्ह्यात गेल्या तीन महिन्यांत कुणाला काय मिळालं ते लिहून काढ. ज्याला नुकतंच काम लागलंय त्याला माणूस लागणार आहे, ही साधी गोष्ट नव्वद टक्के पोरं करत नाहीत आणि मोबाइलवर 'अप्लाय' दाबत बसतात.

मोठी कामंही आता दाराशी आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग २८४ किलोमीटरचा, वर्धा ते कळंब गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, आणि पुढचा मार्ग दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेडवरून जातो. तिथं मुख्य कंपनीच्या ऑफिसात जाऊन उभं राहण्यापेक्षा तिच्या खाली मातीकाम किंवा छोट्या पुलांचं काम घेतलेल्या उपकंत्राटदाराकडे जा, त्याच्याकडे एचआर नसतो, तो स्वतःच खुर्ची देतो. समृद्धीचं काम जोरात होतं तेव्हा वर्धा, अमरावती, वाशिम, बुलडाण्यातली कितीतरी पोरं अशीच लागली आणि पुढं मुख्य कंपनीत सरकली. शक्तिपीठ महामार्ग होईल तेव्हा बघू म्हणून थांबू नकोस. कागदावरच्या रस्त्यावर पगार मिळत नाही.

पंचायत समितीत घरकुलांसाठी ग्रामीण गृहनिर्माण अभियंता आणि रोजगार हमीसाठी पॅनल तांत्रिक अधिकारी अशी कंत्राटी माणसं असतात, गटविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात चौकशी कर. जलजीवनच्या कामांवर त्रयस्थ तपासणी करणाऱ्या एजन्सी नवख्यांना घेतात, मात्र या योजनेत कंत्राटदारांची बिलं बरीच रखडली, तेव्हा पगार कुठून आणि कधी होतो ते आधी विचार. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. त्यात बांधकाम उपविभागात जागा निघाली तर पैशाकडे न बघता घे. बिल कोणत्या कारणानं परत जातं हे टेबलाच्या त्या बाजूनं बघायला मिळणं ही चैन आहे. मला ती मिळाली असती तर पाच वर्षं वाचली असती.

पगाराचं खरं सांगतो. तालुक्यातला कंत्राटदार सुरुवातीला दहा-बारा हजार देतो, कधी राहायची खोली देतो. पुण्यात आकडा मोठा दिसतो, पण कॉटबेसिसचं भाडं, मेस आणि साइटपर्यंतचं जाणंयेणं गेलं की हातात तेवढंच उरतं. पुण्याला जायला माझा विरोध नाही. दोन हंगाम इथं काढ, मग जा, तेव्हा तू विचारशील ते पगाराचे प्रश्न वेगळे असतील. इथं एका पोराला पुलाचं अख्खं काम आखणीपासून बिलापर्यंत बघायला मिळतं. तिथल्या मोठ्या साइटवर माझा भाचा सहा महिने फक्त एका टॉवरच्या ब्लॉकवर्कचे रोजचे आकडे भरत होता.

आपल्याकडचा मोठा रोग म्हणजे पगार रखडणं. माझ्या दुसऱ्या मालकानं पाच महिने "बिल निघू दे" करत ठेवलं, त्यातले दोन महिन्यांचे पैसे अजून यायचे आहेत आणि आता ते यायचे नाहीत. एक महिना मागे-पुढे झाला तर समजून घे, धंदाच तसा आहे. दुसरा महिना कोरडा गेला की नवी जागा बघायला लाग. मूळ मार्कलिस्ट आणि डिग्री कुणाकडेही जमा ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची. नोकरीसाठी डिपॉझिट मागणारा नोकरी देत नसतो. पैसे देऊन अनुभवाचा खोटा दाखला मिळतो, तोही घेऊ नकोस. समोरचा दोन प्रश्नांत पकडतो आणि आपल्या जिल्ह्यात ठेकेदार मंडळी एकाच चहाच्या टपरीवर बसतात.

वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. २०२३ मध्ये सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि जिल्हा परिषदा या तिन्हींच्या भरत्या काही महिन्यांच्या अंतरानं आल्या, त्यांत कनिष्ठ अभियंता आणि स्थापत्य अभियांत्रिकी सहायक अशी पदं होती. त्याआधी पोरं वर्षानुवर्षं वाट बघत बसली होती. जाहिरात कधी येईल हे तुझ्या हातात नाही. पण राज्य सरकारच्या सरळसेवेला खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागासवर्गाला ४३ वर्षांपर्यंत वय चालतं, तू आता तेविसाचा असशील. दार लगेच बंद होत नाही. पावसाळ्याचे चार महिने अभ्यास, हिवाळा-उन्हाळा साइट, असं दोन-तीन वर्षं करून पास झालेले दोघेजण माझ्याकडचेच आहेत. साइट आणि अभ्यास एकाच दिवशी जमत नाहीत, रात्री आठला खोलीवर आल्यावर पुस्तक उघडत नाही. वडिलांना हंगामाचं गणित सांग, शेतकऱ्याला ते लगेच कळेल.

क्लासचं म्हणशील तर साठ हजार देऊ नकोस. ऑटोकॅडमध्ये साधा प्लॅन काढता येणं आणि एक्सेलमध्ये सूत्र टाकून बिलाचा तक्ता बनवता येणं एवढं तालुक्याला पुरतं, आणि ते कमी पैशात, बरंचसं फुकट शिकता येतं. फ्रेमचं, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन सॉफ्टवेअरवर करून घेणारे आमच्याकडे सगळे मिळून चार सल्लागार असतील. पुढं त्यातच जायचं ठरलं तर तेव्हा शीक. त्या पैशातले पाच-सहा हजार मोटरसायकलच्या दुरुस्तीला आणि पेट्रोलला ठेव.

बायोडाटा एक पान. "आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा" वगैरे वरच्या चार ओळी काढून टाक, त्या आम्ही कुणी वाचत नाही. गाव, मोबाइल, दुचाकी व लायसन्स आहे, साइटवर मुक्कामाला तयार, ऑटो लेव्हल लावता येते, बिलाचा तक्ता करता येतो. सोबत त्या घरकुलाच्या मोजमापांची वही घेऊन जा, हस्ताक्षरातलीच. आणि रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकून निळ्या टिकेची वाट बघत बसू नकोस. कंत्राटदाराला फोन करायची वेळ सकाळी सात ते आठ. त्यानंतर आम्ही साइटवर असतो आणि मिक्सर चालू झाला की काहीही ऐकू येत नाही.